उलटी जाळी: नीरोच्या एका सेस्टर्शियसचं प्रकरण

पार्श्वभूमी

काका मूळचे कल्याणचे. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत, पण कल्याण तसंच ठेवलंय, कारण ही सगळी खोड तिथूनच लागली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचं समुद्रप्रवासाचं टिपण लिहून ठेवलं आहे. त्यात कल्याणचा उल्लेख ‘कालिएना’ असा येतो. शाळेत कोणा मास्तरांनी हे सांगितलं आणि काकांच्या डोक्यात रोम शिरलं ते कायमचंच. पुढे रोमन लेखक प्लिनीची ती प्रसिद्ध तक्रार वाचनात आली: हिंदुस्थान दरवर्षी आपल्याकडून निदान पाच कोटी सेस्टर्शियस (हे रोमन नाणं) ओढून नेतो. त्यावर काकांचं म्हणणं एवढंच, “पाच कोटींतला एक तरी माझ्या हातात यायला नको का?”

मी त्यांना सांगून पाहिलं होतं, की प्लिनीचा सेस्टर्शियस हा हिशेबाचा आकडा आहे. आपल्या किनाऱ्यावर जे उतरलं ते मुख्यतः सोनं आणि चांदी. हे जड पितळी नाणं इकडे फारसं आलंच नाही. “ते ठाऊक आहे गं मला. तरीही हवा.”

काकांची उभी नोकरी टूल रूममध्ये गेली. डाय (ठसा उमटवायचा साचा), पंच, फिक्स्चर हेच त्यांचं जग. निवृत्तीनंतर ते लेकीजवळ म्यूनिकच्या बाजूला राहायला आले. मी त्याच भागात राहते आणि पंधरा वर्षं रोमन नाण्यांच्या नादात आहे, म्हणून खरेदीआधी ते मला विचारतात. या वेळीही विचारलं होतं. एका जर्मन विक्रेत्याच्या वेबसाइटवर रोमन सम्राट नीरोचा सेस्टर्शियस होता, मागे जानुस या रोमन देवाचं मंदिर, किंमत १,२८० युरो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. मी तो फोनवर, अंगठ्याएवढ्या आकारात पाहिला आणि लिहिलं, “सुरेख आहे काका, घ्या.” या प्रकरणातली पहिली चूक ही, आणि ती माझी.

पार्सल शनिवारी आलं. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला, “सवड झाली की ये जरा. नाणं छान आहे. पण काहीतरी खटकतंय.”

नाण्याची ओळख

सहाव्या दिवशी मी दहा पट भिंग आणि वजनकाटा घेऊन गेले. सुरुवात नेहमीसारखी ओळख पटवण्यापासून केली.

सेस्टर्शियस म्हणजे ऑगस्टसने चलनाची घडी बसवल्यानंतरचं मोठं पितळी नाणं. तांबं आणि जस्ताच्या या मिश्रणाला रोमन लोक ओरिकॅल्कम म्हणत. टांकसाळीतून निघताना ते सोन्यासारखं पिवळं असे. चार सेस्टर्शियसचा एक चांदीचा दिनारियस, आणि चार तांब्याच्या ‘आस’चा एक सेस्टर्शियस. नीरोच्या काळी याचं वजन साधारण २५ ते २८ ग्रॅम आणि व्यास ३५ मिलिमीटरच्या आसपास असे. आपलं दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमचं, म्हणजे तशी तीन नाणी एकात. काकांचं भरलं २४.६ ग्रॅम. थोडं हलकं, पण नुसत्या वजनावरून काही म्हणावं इतकं नाही.

पुढच्या बाजूला उजवीकडे तोंड केलेला नीरो: जाड मान, कपाळावर बटांची ओळ, डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ. भोवती लेख: नेरो क्लाउदियुस काएसार आउगुस्तुस गेर्मानिकुस, आणि त्यानंतर पदव्यांची आद्याक्षरं. पी एम म्हणजे मुख्य पुरोहित, टी आर पी म्हणजे त्रिब्युनचे (जनतेच्या प्रतिनिधीचे) अधिकार, पी पी म्हणजे देशाचा पिता. नवशिक्याला ही अक्षरांची आगगाडी वाचवत नाही, कारण शब्दांमध्ये जागा नसते आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो. पण पदव्या ठराविकच आहेत. दहा-पंधरा पाठ झाल्या की बहुतेक बादशाही नाणी वाचता येतात.

मागच्या बाजूला मंदिर: बंद दोन फळ्यांचं दार, दारावर हाराचं तोरण, शेजारच्या लांब भिंतीत वर जाळीची खिडकी. भोवती ‘पाके पी आर तेर्रा मारिक पार्ता यानुम क्लुसित’, म्हणजे रोमन जनतेसाठी जमिनीवर आणि समुद्रावर शांतता मिळवून त्याने जानुसचं दार लावलं. युद्ध चालू असलं की जानुसचं दार उघडं आणि शांतता झाली की बंद, असा रिवाज होता. इसवी सन ६६ मध्ये आर्मेनियाच्या तिरिदातेसच्या डोक्यावर नीरोने रोममध्ये मुकुट ठेवला आणि त्यानंतर दार लावलं, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो. दोन्ही बाजूंना ‘एस’ आणि ‘सी’, म्हणजे सिनेटच्या ठरावाने.

नीरोची अशी नाणी रोममध्येही पडली आणि लुग्दुनुममध्येही, म्हणजे आजच्या ल्योनमध्ये. ल्योनच्या टांकसाळीची खूण सोपी आहे. मानेच्या टोकाला खाली एक छोटासा गोल असतो. इथे तो नव्हता, म्हणून रोम. मग ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या संदर्भग्रंथाच्या पहिल्या खंडाची मांडणी वापरणाऱ्या ‘ओक्रे’ या मोफत ऑनलाइन सूचीत पुढचा लेख, दार कोणत्या बाजूला, खिडकी कोणत्या बाजूला असं गाळत गेलं की प्रकार सापडतो. अर्ध्या तासात सापडला. विक्रेत्याने दिलेली ओळख अगदी बरोबर होती.

तेवढा अर्धा तास मी काकांना पदव्या समजावत मिरवून घेतलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “झालं तुझं? आता कानाकडे बघ.”

अडचण

नीरोचा कान सपाट होता. पाळी आणि वरची कड झिजून एक होऊन गेली होती. गालाचा उंचवटाही गुळगुळीत. पण कानावरचे केस मात्र काल कोरल्यासारखे बट न् बट सुटे, आणि लॉरेलच्या प्रत्येक पानाला मधली शीर.

झीज उंचीप्रमाणे होते. खिशात, थैलीत, हातोहाती फिरताना आधी उंच भाग घासतात: कान, गाल, कानावरचे केस. कान गेला आणि त्याच्या वरचे केस राहिले, असं क्वचितच होतं. भिंग लावल्यावर दिसलं ते आणखी वाईट. केसांच्या रेघा खोलगट होत्या.

इथे काकांनी सूत्रं हाती घेतली. त्यांनी जे सांगितलं ते मी पंधरा वर्षांत पुस्तकांतून वाचलं होतं, पण इतक्या साध्या भाषेत नाही. “कोरणारा डायमध्ये खोदतो. डायमध्ये जी रेघ खाली जाते ती नाण्यावर वर उठते. म्हणजे केस वर उठलेले हवेत. इथे रेघ खाली गेली आहे. मग ही डायने दिली नाही, कोणीतरी थेट नाण्यावर मारली.” आणि मग त्यांनी रेघेचं टोक दाखवलं. सुरुवातीला बारीक, मध्ये रुंद, शेवटी एकदम थांबलेली, आणि थांबली तिथे धातूचा सुईच्या टोकाएवढा उंचवटा. “हाताने ढकललेलं ग्रेव्हर, म्हणजे कोरायचं हत्यार, असंच थांबतं. पुढचा धातू साचतो. आमच्याकडे याला बर आली म्हणतात. पोरांना ती काढायला लावायचो.”

मग मागची बाजू. माझ्या मते सगळं प्रकरण त्या खिडकीत आहे. ती जेमतेम तीन-चार मिलिमीटरची असेल. जाळीचे गज उभे-आडवे, त्यांच्यामध्ये चौकोनी भोकं. खऱ्या नाण्यावर गज उंच आणि भोकं खोल असतात. या नाण्यावर उलटं होतं. रेघा खोल, आणि रेघांमधले चौकोन वर. ताटात थापलेल्या वड्या सुरीने पाडाव्यात तसं. झिजून सपाट झालेल्या खिडकीवर कोणीतरी उभ्या-आडव्या रेघा मारून जाळी ‘परत आणली’ होती, आणि तसं करताना गजांची भोकं झाली आणि भोकांचे गज झाले. दुकानातल्या फोटोत दिवा समोरून मारलेला होता. तशा उजेडात खड्डा आणि उंचवटा यांत डोळ्याला फरक कळत नाही, फक्त काळी जाळी दिसते. मी फोनवर तेवढीच पाहिली होती.

तिसरी खूण सापडल्यावर आम्ही दोघंही हसलो. लेखातल्या ‘मारिक’ या शब्दाचं शेवटचं अक्षर क्यू. त्याला खाली शेपटी हवी. इथे होता स्वच्छ, गोल, रेखीव ओ. कोरणाऱ्याला लॅटिन येत नसावं. झिजलेल्या क्यूचं फक्त वर्तुळ त्याला दिसलं, तेवढंच त्याने उठावदार केलं आणि पुसट शेपटी आजूबाजूच्या खडबडीतपणाबरोबर घासून टाकली. काका म्हणाले, “तेर्रा मारिओ. नातवाला आवडेल.”

एवढं दिसल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. खोलीतला दिवा बंद करून मी फोनचा टॉर्च नाण्याच्या पातळीत आडवा धरला. अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत बारीक समांतर ओरखडे होते, सगळे एकाच दिशेचे, अक्षराच्या पायथ्याशी येऊन थांबणारे. ठोकताना धातू कडेकडे वाहतो, त्याच्या खुणाही बारीक असतात, पण त्या मध्यापासून बाहेर किरणांसारख्या जातात. शिवाय अक्षरांच्या भोवती नाण्याची जमीन, म्हणजे हीच मोकळी जागा, किंचित खाली गेली होती. आंब्याच्या झाडाला आळं करतात तसा प्रत्येक अक्षराभोवती एक उथळ खळगा. जमीन घासली की अक्षरं आपोआप उंच दिसतात, ही जुनी युक्ती. आणि या सगळ्यावर एकसारखा हिरवा रंग, खोलात तेवढाच, उंचावर तेवढाच. शेकडो वर्षं जमिनीत राहून धातूवर चढलेला थर, म्हणजे पॅटिना, अशी डिस्टेंपर मारल्यासारखी नसते.

इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, नाहीतर चर्चा भरकटते. जमिनीतून निघालेल्या नाण्यावरची माती आणि कठीण पापुद्रे पॅटिनाला धक्का न लावता काढणं ही साफसफाई, आणि ती बहुतेक सगळ्याच नाण्यांची झालेली असते. क्षाराने खडबडीत झालेली मोकळी जागा घासून एकसारखी करणं म्हणजे स्मूदिंग. आणि नाण्याच्या धातूत नव्याने तपशील कोरणं म्हणजे टूलिंग. जर्मन कॅटलॉगमध्ये दुसऱ्याला ‘गेग्लेटेट’ म्हणतात आणि तिसऱ्याला ‘नाखग्राव्हिएर्ट’. हे दोन शब्द भाषा येत नसली तरी ओळखता आले पाहिजेत. इटालियन विक्रेते ‘बुलिनो’ असा शब्द घालतात. कोरायच्या हत्याराचंच ते नाव. स्मूदिंग बेताचं असेल आणि सांगितलेलं असेल तर मी चालवून घेते. नवं कोरलेलं चालवून घेत नाही.

याला शौकिनांचा नखरा समजू नये. जानुसचं हे मंदिर रोमन फोरमजवळ होतं, पण त्याचे अवशेष हाती लागलेले नाहीत. ते कसं दिसत होतं हे सांगणारा मुख्य चित्ररूप पुरावा म्हणजे नीरोची हीच नाणी. खिडकीत गज किती, तोरण कसं लोंबतं, हे या चार मिलिमीटरांत आहे. तिथे कोणी आपल्या मनाची जाळी काढली की एक साक्षीदार खोटं बोलायला लागतो.

आणि हे आजचं खूळ नाही. मोठ्या पितळी नाण्यांचं वेड युरोपात प्रबोधनकाळापासून आहे. १५०० ते १५७० या काळात पादुआत होऊन गेलेल्या जोव्हान्नी दा काव्हिनोने तर प्राचीन धर्तीचे सेस्टर्शियस स्वतःच डाय कोरून पाडले. त्यांना आज ‘पादुअन’ म्हणतात आणि ते स्वतंत्रपणे जमवले जातात. म्हणून आमच्यापुढे आणखी एक शंका होती: नाणं मुळात तरी खरं आहे ना? कडेला साच्याची शिवण नव्हती, ओतीव नाण्यावर येतात तसे हवेचे बारीक फुगे नव्हते, कडेवर ठोकताना गेलेला एक जुना तडा होता. खरं नाणं, ठोकलेलं, आणि नंतर बिघडवलेलं, असं आमचं मत झालं. पण मत म्हणजे पुरावा नव्हे.

समोर असलेले पर्याय

पार्सल आल्याचा सहावा दिवस संपत आला होता. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार दुकानातून ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. जिथे ग्राहकाला प्रत्यक्ष हजर राहता येतं अशा जाहीर लिलावात हा हक्क नसतो. हेच नाणं काकांनी लिलावातून घेतलं असतं तर सगळा खेळ कॅटलॉगमधल्या वर्णनावर आणि लिलावाच्या अटींवर गेला असता. नशीब, की निश्चित किमतीला घेतलं होतं.

पर्यायांवर आम्ही त्या रात्री बराच खल केला.

सर्वात सोपा रस्ता म्हणजे गप्प बसून १४ दिवसांत परत करणं. पैसे परत, वाद नाही. काकांना तो पटत नव्हता. “मग तो हेच वर्णन लावून दुसऱ्याला विकेल.”

नाणं ठेवून किंमत कमी करून मागणं हा दुसरा. खिडकीवर काकांचा जीव होता, आणि खिडकीच गेली होती. हा पर्याय पाच मिनिटांत निकालात निघाला.

तिसरा, ग्रेडिंग कंपनीकडे (नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे) किंवा जाणकाराकडे पाठवणं. लेखी मत मिळालं असतं, पण त्याला आठवडे लागतात आणि आमच्याकडे आठ दिवस होते.

आणि चौथा माझा, ॲसिटोनचा. हिरवा थर रंग किंवा लॅकर असेल तर ॲसिटोनमध्ये बुडवल्यावर निघून येतो, खऱ्या पॅटिनाला काही होत नाही. अर्ध्या तासात खालच्या उघड्या पितळेवर ग्रेव्हरच्या खुणा दिसल्या असत्या. मी बाटली काढलीही होती. काकांनी हात धरला. “थांब. आपण यात बदल केला तर ते परत घेणार नाहीत.” त्यांचं बरोबर होतं. वस्तू काय आहे हे पाहण्यापुरती हाताळणी ग्राहकाला करता येते. त्यापलीकडे काही केल्याने किंमत उतरली तर ती घट ग्राहकाच्या माथी बसते. हिरवा रंग गेलेलं नाणं आम्ही परत केलं असतं, तर ते तसं आम्हीच केलं असं म्हणायला विक्रेता मोकळा होता. संपूर्ण प्रकरणात सर्वांत शहाणपणाचा क्षण हा, आणि तो माझा नव्हता. घरी पितळेची भांडी चिंचेने लख्ख करायची आपल्याला इतकी सवय असते, की काहीतरी लावून बघू हेच आधी सुचतं.

काय केलं

ठरलं असं: नाण्याला काहीही न लावता, फक्त बघून आणि तुलना करून पुरावा गोळा करायचा, आणि काहीही झालं तरी बाराव्या दिवशी परतीचं पत्र जायलाच हवं.

सातव्या-आठव्या दिवशी डायची जुळी शोधली. एका डायमधून अनेक नाणी पडत. अक्षरांची जागा, केसांच्या बटा, माळेच्या फितीची टोकं कुठे येतात हे तंतोतंत जुळलं तर दोन नाणी एकाच डायची. संग्रहालयांची नाणी फोटोसह ऑनलाइन असल्याने हे आता घरबसल्या होतं, फक्त डोळे दुखतात. मागच्या बाजूच्या डायचं जुळं आठव्या दिवशी रात्री सापडलं. त्यावर क्यूला छान तिरपी शेपटी होती आणि जाळीचे गज वर उठलेले होते. काकांच्या नाण्यावर एका दिशेला एक रेघ जास्त होती. कोरणाऱ्याने गज मोजलेच नव्हते.

इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण डायचं जुळं इतकंच सांगतं की नाणं पडलं तेव्हा काय होतं. नंतर कोणी बिघडवलं, कधी बिघडवलं, हे त्यातून कळत नाही. म्हणून काकांनी जुन्या लिलावांच्या फोटोंचा संग्रह चाळायला घेतला. तिथे पाहायचं ते चेहरा किंवा मंदिर नव्हे, नाण्याची कड. हाताने ठोकलेल्या नाण्याचा बाह्याकार कधीच पूर्ण गोल नसतो. कुठे चपटा, कुठे फुगलेला, कुठे तडा. बोटांच्या ठशासारखा तो एकेका नाण्याचा वेगळा. कोरणारा केस बदलतो, अक्षरं बदलतो, कडेला सहसा हात लावत नाही. काकांनी पारदर्शक कागदावर नाण्याचा आकार आणि तडा काढून घेतला आणि एकेक फोटो स्क्रीनवर त्या मापाचा करून त्यावर कागद धरला. दोन दिवस हेच चालू होतं. काकूंनी जेवायला हाका मारून मारून नाद सोडला.

दहाव्या दिवशी सकाळी सातला फोन. “सापडलं!”

सहा वर्षांपूर्वीचा एक लिलाव. तोच तडा, तोच डावीकडचा चपटेपणा. नाणं तपकिरी, मोकळी जागा खड्ड्याखड्ड्यांची, नीरोच्या डोक्यावर केसांच्या जागी सपाट ढेकूळ. खिडकीत तीन गज पुसट, पण वर उठलेले. आणि क्यूची शेपटी होती. अंधूक, पण होती.

ती शेपटी बघून मला खरं वाईट वाटलं. जवळपास दोन हजार वर्षं टिकलेली खूण गेल्या सहा वर्षांत कोणीतरी घासून टाकली होती, आणि तीही नाणं जास्त देखणं व्हावं म्हणून.

त्याच दिवशी काकांनी दोन गोष्टी पाठवल्या, आणि त्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या. एक, करारातून मागे येत असल्याची दोन ओळींची सूचना, कारण न देता. दुसरं, स्वतंत्र पत्र: जुना फोटो, आत्ताचा फोटो, जुळ्याचा फोटो, आणि नम्रपणे एवढंच, की पुढच्या विक्रीच्या वर्णनात नव्याने कोरल्याचा उल्लेख असावा. परत करण्याचा हक्क टूलिंगच्या वादात अडकू नये म्हणून हे दोन भाग केले. विक्रेता टूलिंग मानो न मानो, पैसे मिळायलाच हवेत.

निष्पत्ती

विमा उतरवलेल्या पार्सलाने नाणं परत गेलं, त्याचा खर्च काकांनी केला. त्यानंतर नवव्या दिवशी पूर्ण रक्कम, सुरुवातीच्या टपालखर्चासह, खात्यात आली. पत्राला उत्तर थंड होतं: मोठी पितळी नाणी थोडीफार गुळगुळीत केलेली असतातच, आम्हाला ती याच स्थितीत मिळाली, कळवल्याबद्दल आभार. यातलं पहिलं वाक्य निखालस खोटं नाही. दुसऱ्यावरही माझा विश्वास बसतो. विक्रेत्याने स्वतः कोरलं असेल असं मला वाटत नाही. पण खिडकीची उलटी जाळी रोज नाणी हाताळणाऱ्याला दिसली नसेल, हे पचत नाही.

दोन महिन्यांनी नाणं पुन्हा दुकानात लागलं, ८५० युरोला. वर्णनात एक शब्द वाढला होता: ‘गेग्लेटेट’. ‘नाखग्राव्हिएर्ट’ नव्हता. काकांनी मला फक्त स्क्रीनशॉट पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

जुना फोटो खरेदीआधी शोधायचा. आम्ही तो नाणं हातात आल्यावर शोधला, जेव्हा घड्याळ चालू होतं. हजार युरोच्या वरच्या मोठ्या पितळी नाण्यासाठी दोन संध्याकाळी घालवणं काही जड नाही. सापडला नाही तर त्यातून काही सिद्ध होत नाही, पण सापडला तर प्रश्नच मिटतो.

आडव्या उजेडातला फोटो किंवा नाणं हलवून काढलेला छोटा व्हिडिओ मागायचा. आणि विक्रेत्याला लेखी विचारायचं: यावर नव्याने कोरकाम झालं आहे का? ‘नाही’ असं लेखी उत्तर आलं की ते वर्णनाचाच भाग होतं आणि पुढे कामाला येतं. टाळाटाळ आली तर तेही उत्तरच. काकांनी हा प्रश्न आता जर्मनमध्ये तयार करून ठेवला आहे, जसाच्या तसा चिकटवतात.

पाचव्या दिवसापर्यंत त्यांनी वाट पाहिली, ती माझ्या ‘सुरेख आहे’मुळे. तिला कळलं असतं, आपलंच काहीतरी चुकत असेल, असं त्यांना वाटत राहिलं. टूल रूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला ग्रेव्हरची खूण पहिल्याच दिवशी दिसली होती, पण नाण्यांचं शास्त्र वेगळं असेल म्हणून त्यांनी ती बाजूला सारली. फोनवर मत देणं मी तेव्हापासून बंद केलं. घरी जाऊन मोठ्या स्क्रीनवर बघते, नाहीतर बघितलं नाही असं सांगते.

ॲसिटोनबद्दल मात्र माझं मत अजून बदललेलं नाही. नाणं आपलंच असतं, परतीचा प्रश्न नसता, तर सगळ्यात आधी तेच केलं असतं.

काकांनी नंतर सेस्टर्शियस घेतलाच नाही. ९५ युरोला एक आस घेतला, तांब्याचा, काळपट, नीरोचं नाक अर्धं गेलेलं, मागे तेच मंदिर. या आसवर लेख थोडा वेगळा आहे, जमीन आणि समुद्राऐवजी ‘उबिक’, म्हणजे सर्वत्र. त्याच्याही शेवटी क्यू येतो. पाकीट फोडल्या फोडल्या काकांनी आधी त्याची शेपटी पाहिली. आहे. जाळीचे चार गज दिसतात, वर उठलेले. पाचवा आहे की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही.